सिस्टोस्कोपी अर्थात मूत्राशयाची दुर्बिणीने तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तपासणीची तारीख ठरल्यापासून ती पार पडेपर्यंत रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. संकोचामुळे जे प्रश्न डॉक्टरांसमोर ओठांवर येऊन परत जातात, तेही मुद्दाम घेतले आहेत. ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. तुमच्या डॉक्टरांनी तुमची प्रकृती पाहून वेगळी सूचना दिली असेल, तर तीच पाळावी.

१. सिस्टोस्कोपी म्हणजे नेमके काय? हे ऑपरेशन आहे का?

लघवी ज्या नैसर्गिक मार्गाने बाहेर येते, त्याच मार्गाने बारीक दुर्बीण आत सरकवून मूत्रमार्ग आणि मूत्राशय, म्हणजेच लघवीची पिशवी, आतून पाहण्याच्या तपासणीला सिस्टोस्कोपी म्हणतात. तिच्यात कोठेही कापावे लागत नाही आणि टाके पडत नाहीत. दुर्बिणी दोन प्रकारच्या असतात. लवचीक दुर्बीण साधारण ५ ते ६ मिलिमीटर जाडीची असते, तिचे टोक वळवता येते आणि बहुतेक वेळा केवळ बधिर करणारे जेल वापरून बाह्यरुग्ण विभागातच तपासणी उरकते. ताठ दुर्बीण धातूची आणि थोडी जाड असते. तिच्यातून मोठी अवजारे आत नेता येतात, त्यामुळे खडा फोडणे किंवा गाठ काढणे अशा कामांसाठी ती भूल देऊन वापरली जाते. तुमच्यासाठी यांपैकी कोणती वापरणार हे आधीच विचारून ठेवा, कारण पुढील बहुतेक उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

२. सोनोग्राफीत सर्व ठीक आले आहे. मग दुर्बीण कशासाठी?

सोनोग्राफीत मूत्राशयाचा आकार, भिंतीची जाडी, खडे आणि बऱ्यापैकी मोठ्या गाठी दिसतात. मात्र अगदी लहान गाठी तिच्यातून सुटू शकतात. कर्करोगाचा एक प्रकार तर आतल्या आवरणावर सपाट, लालसर चट्ट्याच्या रूपात असतो. त्याला उंचवटाच नसल्यामुळे तो सोनोग्राफीतच नव्हे, तर सीटी स्कॅनमध्येही बहुधा दिसत नाही. दुर्बिणीतून आवरणाचा रंग, पोत आणि रक्तवाहिन्यांचे जाळे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता येते. उलट, मूत्रपिंडे आणि वरच्या मूत्रवाहिन्या, म्हणजे मूत्रपिंडांतून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या नळ्या, या दुर्बिणीतून दिसत नाहीत. म्हणूनच लघवीतून रक्त जाण्याच्या तक्रारीत अनेकदा दोन्ही तपासण्या कराव्या लागतात, आणि एक झाली म्हणून दुसरी अनावश्यक ठरत नाही.

३. लघवीतून एकदाच रक्त गेले, काहीच दुखले नाही आणि ते आपोआप थांबले. तरीही तपासणी करून घ्यावी का?

होय, करून घ्यावी. या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, असे आम्हाला मनापासून वाटते, कारण ठरलेली तपासणी रद्द करण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण सांगितले जाते.

मूत्राशयातील गाठीतून होणारा रक्तस्राव पुष्कळदा वेदनारहित आणि अधूनमधून होणारा असतो. एक-दोन दिवस लघवी लाल होते, मग कित्येक आठवडे, कधी काही महिनेही, ती अगदी स्वच्छ राहते. या मधल्या काळात एखादी गोळी घेतली गेली असेल, तर गुण तिच्यामुळे आला असे वाटते आणि तपासणी मागे पडते. रक्त थांबणे म्हणजे कारण नाहीसे होणे नव्हे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर सगळा दोष तिच्यावर टाकूनही मोकळे होता येत नाही. ती गोळी घेणाऱ्यांमध्येही रक्तस्रावामागे गाठ किंवा खडा आढळू शकतो. धूम्रपान हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण असल्यामुळे, जे विडी-सिगारेट ओढतात किंवा पूर्वी ओढत होते, त्यांनी तर मुळीच चालढकल करू नये.

लघवीतून रक्त गेलेल्या बहुतेकांना कर्करोग नसतो, हेही तितकेच खरे आहे. जंतुसंसर्ग, खडे आणि वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी ही कारणे अधिक आढळतात. बीट खाल्ल्याने किंवा रिफॅम्पिसिनसारख्या औषधानेही लघवीचा रंग बदलतो. ते रक्तच आहे की नाही, हे लघवीच्या साध्या तपासणीतून स्पष्ट होते. मात्र रक्त असल्याचे एकदा ठरले, की पुढे पाहावेच लागते.

४. तपासणीआधी कोणती तयारी करावी? उपाशी राहावे लागते का?

फक्त जेल वापरून तपासणी होणार असेल, तर नेहमीप्रमाणे जेवण करून यावे. रिकाम्या पोटी आल्यास भीती आणि चक्कर यांचीच शक्यता वाढते. भूल दिली जाणार असेल, तर साधारणपणे ६ तास आधीपासून अन्न आणि २ तास आधीपासून पाणीसुद्धा बंद ठेवावे लागते. त्याची नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतात.

तपासणीआधी लघवीची चाचणी करतात. संसर्ग असताना दुर्बीण घातल्यास जंतू रक्तात पसरण्याचा धोका असतो, म्हणून आधी औषधोपचार करून मग तपासणी केली जाते. लघवीला आग होत असेल, तिला दुर्गंधी येत असेल किंवा ताप असेल, तर फोन करून कळवावे. आल्यावर सांगू म्हणून थांबू नये. प्रतिजैविकाचा डोस प्रत्येकालाच लागतो असे नाही. संसर्गाचा धोका ज्यांना अधिक आहे, त्यांना तो दिला जातो.

त्या दिवशी स्वच्छ अंघोळ पुरेशी आहे, केस काढण्याची गरज नसते. चालू औषधांची यादी आणि जुने अहवाल सोबत ठेवावेत. लिग्नोकेन (जेलमधील बधिर करणारे औषध), लॅटेक्स (हातमोज्यांचे रबर) किंवा कोणत्याही प्रतिजैविकाची ॲलर्जी असेल, तर ती आवर्जून सांगावी.

५. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधे बंद करावी लागतात का?

स्वतःच्या मनाने कोणतेही औषध बंद करू नये. केवळ आतून पाहायचे असेल, तर ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन किंवा अपिक्साबान यांसारखी औषधे बहुधा चालूच ठेवतात. सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी आतल्या आवरणाचा तुकडा घ्यायचा किंवा गाठ काढायची असेल, तर काही औषधे काही दिवस थांबवावी लागू शकतात. परंतु हृदयात नुकताच स्टेंट बसवलेल्या किंवा कृत्रिम झडप असलेल्या रुग्णाने ती परस्पर थांबवली, तर जिवावर बेतू शकते. हा निर्णय मूत्रविकारतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी मिळून घ्यायचा असतो.

जेलखालील तपासणीसाठी मधुमेहाची औषधे नेहमीसारखी घेता येतात. भूल द्यायची असेल, तर उपवासामुळे इन्सुलिनच्या मात्रेत बदल करावा लागतो आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या साधारण ३ दिवस आधीपासून थांबवण्याची पद्धत आहे. यांपैकी एखादी गोळी चालू असल्यास भूलतज्ज्ञांना नावासह सांगावे.

६. तपासणीच्या खोलीत नेमके काय काय होते?

प्रथम लघवी करून यायला सांगतात, मग कमरेखालचे कपडे काढून गाऊन घालावा लागतो. नाव, तपासणीचे कारण आणि ॲलर्जी हे प्रश्न वेगवेगळ्या व्यक्ती पुन्हा पुन्हा विचारतात. चूक होऊ नये म्हणून ती मुद्दाम घेतलेली काळजी असते. टेबलावर उताणे झोपवले जाते. स्त्रियांना, तसेच ताठ दुर्बीण वापरताना पुरुषांनाही, गुडघे वाकवून पाय बाजूच्या आधारांवर ठेवावे लागतात. लवचीक दुर्बिणीसाठी पुरुषांना पाय सरळ ठेवता येतात. त्यानंतर जंतुनाशक द्रावणाने जागा पुसतात. ते गार लागते. तपासणीपुरता भाग सोडून बाकी अंग निर्जंतुक कापडाने झाकले जाते.

मग मूत्रमार्गात लिग्नोकेनचे जेल सोडतात. ते आत जाताना काही क्षण चुरचुरते. जेलचा परिणाम होण्यासाठी काही मिनिटे द्यावी लागतात, आणि ही मिनिटे फार मोलाची असतात. घाई होत आहे असे वाटल्यास ‘जरा थांबता का?’ असे विचारण्यात काहीही गैर नाही.

दुर्बीण आत सरकू लागते तेव्हा तिच्यातून निर्जंतुक सलाईन वाहत असते, त्यामुळे मूत्रमार्ग उघडत जातो. मूत्राशयात पोहोचल्यावर ते सलाईनने भरतात, कारण रिकाम्या पिशवीच्या घड्यांमध्ये काही लपून राहू शकते. ओटीपोटात गारवा पसरतो आणि लघवीची जोरदार कळ येते. डॉक्टर ठरावीक क्रमाने सगळे भाग पाहतात: तळाचा त्रिकोणी भाग, तेथील मूत्रवाहिन्यांची दोन मुखे, दोन्ही बाजूंच्या भिंती, आणि वरचा भाग, जेथे हवेचा एक लहानसा बुडबुडा तरंगताना दिसतो. शेवटी दुर्बिणीचे टोक मागे वळवून मूत्राशयाचे तोंड आतल्या बाजूने पाहतात. पडदा तुमच्या बाजूला वळवलेला असेल आणि पाहण्याची इच्छा असेल, तर अवश्य पाहा. मूत्रवाहिनीच्या मुखातून थोड्या थोड्या वेळाने लघवीची बारीक चिळकांडी उडते, ती स्पष्ट दिसते.

केवळ पाहण्याचे काम ५ ते १० मिनिटांत संपते. दुर्बीण काढल्यावर लगेच लघवीला जाता येते, आणि त्या पहिल्या लघवीबरोबर थोडी हवा बाहेर पडली तर घाबरू नये.

७. खरे सांगा, दुखते का?

बहुतेकांना जाणवते ती जळजळ, दाब आणि लघवीची तीव्र कळ. थोड्यांना मात्र खरोखर दुखते आणि त्यांचे दुखणे खोटे नसते. ‘काहीच होत नाही’ असे सांगून रुग्णाला टेबलावर नेणे आम्हाला योग्य वाटत नाही, कारण अशा आश्वासनानंतर होणारा थोडासा त्रासही फसवणूक झाल्यासारखा वाटतो.

त्रास कमी करण्याचा सर्वांत उपयोगी उपाय रुग्णाच्याच हातात असतो. भीतीने मांड्या आणि खालचे स्नायू आवळले गेले, की मूत्रमार्गाभोवतीचा स्नायूही घट्ट होतो आणि दुर्बीण त्याच्यावर घासते. म्हणून दुर्बीण पुढे सरकत असताना श्वास रोखू नये, तोंडाने लांब सोडत राहावा आणि पायांची बोटे हलवत राहावीत. असह्य झाल्यास ‘थांबा’ म्हणावे. दुर्बीण जागेवर स्थिर ठेवून थोडी उसंत देता येते. पूर्वीचा अनुभव फार वाईट असेल, तर तो तारीख घेतानाच सांगावा, म्हणजे गुंगीचे औषध किंवा भूल देण्याचा विचार करता येतो.

८. पुरुषांना जास्त त्रास होतो, हे खरे आहे का?

सामान्यतः होय, आणि त्याचे कारण शरीररचनेत आहे. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटिमीटर लांबीचा असतो, तर पुरुषांचा सुमारे २० सेंटिमीटर; शिवाय तो वळणे घेत प्रोस्टेट ग्रंथीमधून जातो. लघवी रोखून धरणारा स्नायू ओलांडताना काही सेकंद सर्वाधिक त्रास होतो. त्या क्षणी ‘लघवी करत आहात असे समजा’ अशी सूचना मिळते. संकोच न करता खरोखर तसा प्रयत्न करावा, कारण त्याने तो स्नायू सैल पडतो. टेबल ओले होईल याची चिंता करू नये. तेथे सलाईन सांडतच असते.

९. फार लाज वाटते. तपासणी करणारी व्यक्ती स्त्री असावी अशी विनंती करता येते का?

विनंती जरूर करावी, आणि ती तारीख घेतानाच करावी म्हणजे व्यवस्था करणे सोपे जाते. डॉक्टर पुरुष असले, तरी स्त्री रुग्णाच्या तपासणीच्या वेळी परिचारिका उपस्थित राहावी, असा आग्रह धरता येतो. विनाकारण उपस्थित असलेल्या व्यक्तींना बाहेर थांबायला सांगण्याचाही तुम्हाला अधिकार आहे. शिकाऊ डॉक्टर असतील, तर तुमची परवानगी घेतली गेली पाहिजे.

काही पुरुषांना स्पर्शामुळे अनैच्छिक ताठरता येते आणि ते ओशाळतात. ही मज्जातंतूंची प्रतिक्रिया आहे, तिचा इच्छेशी संबंध नसतो आणि तपासणी करणाऱ्यांना ती परिचित असते. थोडा वेळ थांबून काम पुढे नेले जाते.

१०. मासिक पाळी चालू असेल किंवा गर्भवती असेन तर?

पाळीत तपासणी करता येते. मात्र लघवीतील रक्ताचे कारण शोधायचे असेल, तर त्या दिवसांतील लघवीच्या नमुन्याचा निष्कर्ष भरवशाचा नसतो. गर्भारपणाची शक्यता असल्यास आधी सांगावे. साध्या सिस्टोस्कोपीत क्ष-किरण नसतात, त्यामुळे गरज असल्यास ती गर्भारपणातही जेलखाली करता येते. तातडीचे कारण नसेल, तर प्रसूतीनंतर करण्याचा विचार होतो.

११. तपासणीत तुकडा काढला. म्हणजे कर्करोग आहे का?

नाही, तसा अर्थ लावू नये. लालसर, सुजलेला किंवा वेगळा दिसणारा भाग केवळ डोळ्यांनी पाहून ओळखता येत नाही. दीर्घकाळच्या संसर्गाने आलेली सूज आणि सपाट कर्करोग हे दोन्ही सारखेच दिसू शकतात, आणि त्यांतला फरक सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. अहवाल यायला काही दिवस लागतात. तो कोणाकडून आणि केव्हा मिळेल, हे निघण्याआधी विचारून ठेवावे.

स्पष्ट गाठ दिसली, तर ती बहुधा त्याच वेळी काढली जात नाही. त्यासाठी वेगळी तारीख देऊन, भूल देऊन, दुर्बिणीतूनच ती खरवडून काढतात. लहानशी गाठ असेल, तर काही ठिकाणी ती जेलखालीच जाळून टाकतात.

१२. नंतर किती दिवस जळजळ होते आणि किती रक्त जाणे साधारण समजावे?

१ ते २ दिवस लघवीला जळजळ होणे, वारंवार जावेसे वाटणे आणि लघवीला फिकट गुलाबी छटा असणे हे अपेक्षित आहे. तुकडा घेतला असेल, तर गुलाबी रंग आणखी काही दिवस राहू शकतो. सुरुवातीचे काही तास नेहमीपेक्षा थोडे अधिक पाणी प्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर ती मोडू नये. जळजळीच्या भीतीने लघवी रोखून धरणे मात्र चुकीचे आहे, कारण लघवी जितकी घट्ट होते तितकी आगही वाढते.

१३. कोणत्या लक्षणांसाठी लगेच रुग्णालयात यावे?

लघवी तुंबणे, म्हणजे ओटीपोट फुगून कळ येत असूनही लघवी न होणे. थंडी वाजून ताप येणे किंवा तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे सुमारे १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर जाणे. लघवी गडद लाल होणे किंवा तिच्यातून रक्ताच्या गुठळ्या पडणे. आणि पोटात वाढत जाणारी तीव्र वेदना. यांपैकी काहीही झाले, तर सकाळपर्यंत वाट पाहू नये. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांमध्ये लघवी तुंबण्याची शक्यता अधिक असते. मूत्राशयाला छिद्र पडणे ही गंभीर, पण दुर्मीळ गुंतागुंत आहे आणि ती बहुधा तुकडा घेताना किंवा गाठ काढतानाच उद्भवते.

१४. कामावर केव्हा जाता येईल? गाडी चालवणे आणि शरीरसंबंध यांचे काय?

जेलखालील तपासणीनंतर त्याच दिवशी कामावर जाता येते आणि बरे वाटत असल्यास गाडीही चालवता येते. गुंगी किंवा भूल दिली असेल, तर २४ तास गाडी चालवू नये, महत्त्वाच्या कागदांवर सह्या करू नयेत आणि घरी जाताना सोबत कोणीतरी असावे. शरीरसंबंध जळजळ आणि रक्त पूर्ण थांबेपर्यंत टाळावा. तुकडा घेतला असल्यास किती दिवस थांबायचे, ते डॉक्टरांना विचारावे.

१५. मूत्रवाहिनीतील स्टेंट काढण्यासाठी बोलावले आहे. तीच तपासणी असते का?

कृती जवळपास तीच असते. स्टेंट म्हणजे मूत्रवाहिनीत तात्पुरती ठेवलेली बारीक नळी. मूत्राशयात वेटोळे होऊन बसलेले तिचे टोक दुर्बिणीतून चिमट्याने पकडतात आणि दुर्बिणीबरोबरच बाहेर ओढतात. ओढताना कमरेत क्षणभर विचित्र खेच जाणवते. नंतर काही तास कमरेत कळा येऊ शकतात.

स्टेंट ठरलेल्या तारखेलाच काढून घ्या, ही आमची कळकळीची विनंती आहे. खड्याचे दुखणे थांबल्यावर आत नळी आहे हेच अनेक जण विसरतात. साधारण ३ महिन्यांपलीकडे राहिलेल्या स्टेंटवर क्षारांचे थर चढू लागतात आणि मग १० मिनिटांच्या कामाचे मोठे ऑपरेशन होऊन बसते. कित्येक महिने विसरलेल्या स्टेंटमुळे मूत्रपिंड कायमचे निकामी झाल्याची उदाहरणेही आहेत. तारीख घरातील आणखी एका व्यक्तीला सांगून ठेवावी.

१६. कायमची लघवीची नळी आहे, किंवा मणक्याला इजा झालेली आहे. वेगळी काळजी लागते का?

कायम कॅथेटर असलेल्यांच्या लघवीत जंतू जवळजवळ नेहमीच असतात, त्यामुळे तपासणीआधी कल्चर, म्हणजे लघवीतील जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी, करून प्रतिजैविक निवडतात. तपासणीपुरती नळी काढून नंतर नवी घातली जाते. नळी ओटीपोटातून घातलेली असेल, तर त्या मार्गानेही लवचीक दुर्बीण नेता येते.

मज्जारज्जूला छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा झालेल्यांनी मात्र विशेष सावध राहावे. संवेदना नसल्यामुळे दुखत नाही, म्हणून तपासणी सोपी जाईल असे वाटते. परंतु मूत्राशय भरताच रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतो. डोके ठणकू लागणे, चेहरा लाल होणे, इजेच्या वरच्या भागाला दरदरून घाम फुटणे ही त्याची चिन्हे आहेत. ती दिसताच मूत्राशय लगेच रिकामे करावे लागते. अशा रुग्णांची तपासणी रक्तदाबावर सतत लक्ष ठेवूनच झाली पाहिजे.

१७. लहान मुलांची तपासणी कशी करतात?

मुलांसाठी बारीक दुर्बिणी असतात आणि तपासणी पूर्ण भूल देऊनच केली जाते. उपवासाच्या वेळा वयानुसार बदलतात, म्हणून त्या लेखी घ्याव्यात.

१८. गाठ काढली आहे. आता दर काही महिन्यांनी ही तपासणी का?

मूत्राशयाच्या वरवरच्या गाठी पुन्हा होण्याची प्रवृत्ती असते, आणि लवकर सापडलेली गाठ सहज काढता येते. पहिली तपासणी सामान्यतः ३ महिन्यांनी करतात. धोका कमी असेल आणि ती स्वच्छ आली, तर पुढची वर्ष पूर्ण होताना आणि नंतर वर्षातून एकदा. धोका अधिक असेल, तर पहिली २ वर्षे दर ३ महिन्यांनी. काही ठिकाणी तासभर आधी मूत्राशयात औषध सोडून निळ्या प्रकाशात पाहतात. संशयित भाग लालसर चमकतो आणि सपाट चट्टे सुटण्याची शक्यता कमी होते.

वारंवार तपासणी होणाऱ्यांसाठी एक कमी माहिती असलेली गोष्ट सांगायला हवी. दुर्बिणी निर्जंतुक करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ऑर्थो-थॅलाल्डिहाइड या रसायनाची तीव्र ॲलर्जी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांमध्ये अनेक तपासण्यांनंतर आढळली आहे, आणि अशा रुग्णांच्या दुर्बिणींसाठी ते वापरू नये अशी सूचना आहे. मागील तपासणीनंतर अंगावर पित्त उठले असेल, ओठ सुजले असतील किंवा धाप लागली असेल, तर पुढच्या वेळी आत जाण्यापूर्वीच सांगावे.

१९. तपासणी नॉर्मल आली, पण त्रास तसाच आहे. आता काय?

नॉर्मल अहवालाचा अर्थ एवढाच, की मूत्रमार्ग आणि मूत्राशयाच्या आतल्या आवरणात डोळ्यांना दिसणारा दोष आढळला नाही. मूत्राशय काम कसे करते, हे दुर्बिणीतून कळत नाही. वारंवार किंवा घाईची लघवी, नकळत गळणे, धार बारीक असणे या तक्रारींसाठी लघवीचा वेग आणि दाब मोजणाऱ्या युरोडायनॅमिक चाचण्या वेगळ्या असतात. त्याआधी ३ दिवस किती वाजता, किती पाणी प्यायले आणि किती लघवी झाली, याची मापासह नोंद ठेवून आणल्यास डॉक्टरांना पुष्कळ उलगडा होतो.

तक्रार रक्ताची असेल आणि वरच्या मार्गाचे सीटी स्कॅन झालेले नसेल, तर ते बाकी आहे असे समजावे (प्रश्न २ पाहा). तेही स्वच्छ असेल, पण लघवीतून प्रथिने जात असतील किंवा रक्तदाब वाढलेला असेल, तर मूत्रपिंडविकारतज्ज्ञांकडे जावे, कारण मूत्रपिंडातील गाळणीच्या विकारांतही लघवीत रक्त येते. आणि नॉर्मल अहवालानंतर काही महिन्यांनी पुन्हा लाल लघवी झाली, तर जुना अहवाल दाखवून थांबू नये. त्या रक्तस्रावाची तपासणी नव्याने करावी लागते.